पुण्याचं घड्याळ, बोलोन्याचं घर

पत्र

ताई, नमस्कार. वय 36, लग्न केलेलं नाही, कोथरूडला आईबरोबर राहते. एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर आहे, गेली चार वर्षं काम पूर्णपणे घरून. मागच्या मे महिन्यात इटलीत बोलोन्याला पाच दिवस होते. त्या कमानींखालून चालताना वाटलं, आपण इथलेच आहोत. परत आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. रिमोट काम करणाऱ्यांना तिथे एक वर्षाचा व्हिसा मिळतो असं कळलं. पगार वर्षाला 30 लाख. 950 युरो भाड्याचं एका खोलीचं घर जाहिरातीत पाहून ठेवलंय. मालक म्हणतो, आगाऊ रक्कम पाठवलीत तर तुमच्यासाठी धरून ठेवतो. साहेब म्हणाले, "कुठूनही कर, काम झाल्याशी मतलब." सकाळी साडेनऊची रोजची मीटिंग आणि अमेरिकन ग्राहकाचा रात्रीचा कॉल (उन्हाळ्यात साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ) तेवढा चुकवून चालत नाही. इथे तसाही दिवस माझा राहतच नाही. आई 67 वर्षांची, बाबा जाऊन तीन वर्षं झाली. ती विरोध करत नाही, फक्त दर दोन दिवसांनी विचारते, "मग, काढलीस का तिकिटं?" भाऊ नाशिकला असतो. तो म्हणतो, घरूनच काम करायचं तर हे घर काय वाईट आहे? मी वेडेपणा करतेय का? (अंडं खाते, मांस-मासे नाही, हेही सांगून ठेवते.)

कमानीत अडकलेली, कोथरूड

उत्तर

अगं अडकलेले,

वयाने मी तुझ्या आईच्या जवळची, म्हणून सरळ अगं-तुगं करते. आधी तातडीचं: त्या मालकाला एक पैसाही पाठवू नकोस. घर पाहिलं नाही, करारावर सही नाही, आणि फोटोंवर विसंबून रक्कम पाठवली, या वाटेने तिथे दरवर्षी कितीतरी जण फसतात. त्यात बाहेरून येणारे विद्यार्थी आणि तुझ्यासारखे दुरून घर शोधणारे आधी सापडतात. "तुमच्यासाठी धरून ठेवतो" हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा. बोलोन्यात घर धरून ठेवावं लागत नाही. खरं घर असेल तर त्याच्या दारात दहा जण उभे असतात.

आता तुझा प्रश्न. वेडेपणा नाही. पण तू विचार घराचा आणि शहराचा केलास, आणि ज्यावर सगळं उभं राहणार ती गोष्ट कंसात टाकलीस. साडेनऊची मीटिंग आणि रात्रीचा कॉल.

आम्ही बोलोन्यात दोन हिवाळे आणि मधला एक पूर्ण उन्हाळा काढला. नवरा विद्यापीठात संशोधनाला होता आणि मी मुंबईच्या एका प्रकाशकासाठी मजकूर तपासण्याचं काम करत होते. इटली आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास असते, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. मुंबईहून अकराला "जरा बोलायचं होतं" म्हणून फोन यायचा तेव्हा जानेवारीत माझ्याकडे सकाळचे साडेसहा, बाहेर मिट्ट काळोख. माझं काम तरी मागेपुढे सरकवता येण्यासारखं होतं. तुझं बघ. पुण्याची साडेनऊची मीटिंग म्हणजे तिथे उन्हाळ्यात सकाळी सहा, हिवाळ्यात पहाटे पाच. अमेरिकन ग्राहकाचा कॉल मात्र तिथे बाराही महिने संध्याकाळी पाचला येणार, कारण अमेरिका आणि इटली दोघेही घड्याळं फिरवतात, आपणच फिरवत नाही. (दोघांच्या तारखा एक नाहीत, त्यामुळे वर्षातून तीनचार आठवडे गोंधळ असतो, तो सोड.) म्हणजे दोन्ही टोकं तशीच ठेवलीस तर हिवाळ्यात तुझा दिवस पहाटे पाचला सुरू होऊन संध्याकाळी साडेपाचला संपेल. कोथरूडला जी तक्रार आहे तीच घेऊन तू साडेसहा हजार किलोमीटर लांब जाशील, वर 950 युरो भाडं देऊन.

पण याच गणितात तुझ्या फायद्याची गोष्टही आहे आणि ती तू साहेबांना सांगितलेली दिसत नाही. आज त्या अमेरिकन माणसाशी बोलायला तुमच्यापैकी कुणीतरी जेवण सोडून बसतं. तू बोलोन्यात असलीस तर तो कॉल भर कामाच्या वेळात येतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे तीन. कंपनीला आयता माणूस मिळतो. त्याच्या बदल्यात एवढंच मागायचं की तुझ्यापुरती सकाळची मीटिंग पुण्याच्या साडेबाराला घ्या, म्हणजे तिथे उन्हाळ्यात नऊ आणि हिवाळ्यात आठ. हे जमलं तर तू संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप मिटून खाली उतरशील तेव्हा बाकीचं शहरही कामावरून सुटत असेल. मला हे कळायला एक पूर्ण हिवाळा लागला. पहिल्या वर्षी मी मुंबईच्या वेळेने पहाटे बसायचे आणि दुपारी दोनला मोकळी व्हायचे. ऐकायला काय छान वाटतं ना? पण दोन वाजता लहान दुकानं बंद, ओळखीचे सगळे कामावर. दुपारी एक ते चार बंद हा आपल्याकडे विनोद झाला, तिथे तो रोज आडवा यायचा. आणि लोक भेटायचे सातनंतर, एखाद्या बारमध्ये उभ्याउभ्या ग्लास हातात घेऊन, तेव्हा माझे डोळे मिटायला लागलेले असायचे. जेवण आठच्या आधी कुणी करत नाही. मी नऊला झोपणारी बाई त्या शहरात राहत होते, पण त्या शहराच्या वेळेत कधी नव्हतेच.

म्हणून साहेबांचं "काम झाल्याशी मतलब" पुरेसं नाही. वेळा ठरवून ईमेलवर लेखी घे. व्हिसासाठी तसाही कंपनीचा कागद लागणारच आहे.

मीटिंग हलत नाही म्हणाले तर? मग बोलोन्याचा नाद सोड असं मी लगेच म्हणणार नाही, पण एक तालीम कर. डिसेंबरात पंधरा दिवस कोथरूडलाच पहाटे पाचला कामाला बस, दीडला उठ, आणि रात्री नऊला झोपेपर्यंत ओळखीच्या कुणालाही फोन करू नकोस, भेटू नकोस, मराठी बोलू नकोस. आईशी खुणांनी बोल. आठव्या दिवशी काय वाटतं ते मला कळव.

आता त्या कमानींबद्दल, कारण त्यांनीच तुला अडकवलंय. बोलोन्यात अशा 62 किलोमीटर पोर्तिको, म्हणजे कमानींच्या छप्पर असलेल्या वाटा, आहेत आणि 2021 साली त्यांची निवड युनेस्कोच्या जागतिक वारशात झाली, हे तुला माहीत असणार. त्या आल्या कशा, हे तुझ्या कामाचं आहे. तिथलं विद्यापीठ आपला जन्म 1088 चा सांगतं. पुढच्या दोनशे वर्षांत विद्यार्थी, कारागीर, आसपासच्या गावांतले लोक यांनी शहर इतकं भरलं की राहायला खोल्या पुरेनात. मग लोकांनी वरचा मजला रस्त्यावर पुढे काढला आणि त्याला खालून लाकडी खांब दिले. 1288 मध्ये शहराने नियमच केला की नवीन घराला पोर्तिको असलीच पाहिजे. उंचीही ठरवून दिली, घोडेस्वार खालून जाईल एवढी. जागा घरमालकाची, वाट सगळ्यांची. ही पद्धत आजही चालू आहे. आपल्या वाड्याची ओसरी रस्त्याला देऊन टाकल्यासारखं आहे ते. थोडक्यात, ज्या कमानींखाली तुला घरच्यासारखं वाटलं त्या घरटंचाईतून उभ्या राहिल्या, आणि सातशे वर्षांनी टंचाई आहे तिथेच आहे. जेमतेम चार लाखांच्या वस्तीत हजारोंनी विद्यार्थी, वर पर्यटकांना दिवसावारी दिलेली घरं.

त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात घर शोधायला जाऊ नकोस, तेव्हा सगळे विद्यार्थी त्याच रांगेत असतात. मालक इटालियन पगारपत्रक मागतात. पुण्यातल्या कंपनीचं पत्र दाखवलंस तर शंका घेतील, काही जण नाव ऐकूनच "घर गेलं" म्हणतील. हे मी गोड करून सांगत नाही. आम्हाला अकरा घरांनी नकार दिला, त्यातली तीन पुढे महिनाभर जाहिरातीत दिसत होती. बारावं घर मिळालं ते नवऱ्याच्या विभागातल्या कारकून बाईंनी मालकिणीला फोन केला म्हणून. तुझ्यामागे असं कुणी नाही, म्हणून एजंट लागेल, आणि तो साधारण एक महिन्याचं भाडं अधिक 22 टक्के कर घेतो. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांची. तुझ्या 950 च्या घराचा हिशेब केला तर अनामत 2850, पहिलं भाडं 950, एजंटचे 1159. दार उघडायच्या आधीच जवळपास पाच हजार युरो. एका युरोला शंभर रुपये धरले तर पाच लाख. शिवाय इमारतीचा देखभाल खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, ते विचारायचं.

करार "त्रान्सितोरियो" प्रकारचा माग. तो एक ते अठरा महिन्यांचा असतो आणि तात्पुरतं राहण्याचं कारण त्यात लिहावं लागतं. नेहमीचे करार चार अधिक चार वर्षांचे असतात, ते तुझ्या उपयोगाचे नाहीत. करार सरकारदरबारी नोंदवलेला हवाच. "नोंदणी नको, पन्नास युरो कमी करतो" म्हणणारा भेटेल. त्याला नमस्कार करून निघ, कारण तुझे पुढचे सगळे कागद त्या नोंदणीवर चालणार आहेत.

घर बघताना काय बघायचं? कमान बाहेरून बघायची, तू आत राहणार आहेस. पहिलं म्हणजे तळमजला नको. बोलोन्याच्या पोटातून जुने कालवे आणि ओढे वाहतात, वरून रस्ते आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये अतिवृष्टीत रावोने नावाचा असाच झाकलेला ओढा फुटून वर आला आणि पश्चिमेकडच्या रस्त्यांवरची तळघरं, दुकानं पाण्याखाली गेली. दुसरं, जुन्या केंद्रभागात भिंती हातभर जाड असतात. राऊटर एका खोलीत आणि तू दुसऱ्या खोलीत, मग कॉलवर तुझं तोंड गोठलेलं. फायबर घरापर्यंत आलंय की रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच, हे विचार. जाहिरातीत दोन्हींना "फिब्रा" म्हणतात.

तिसरी गोष्ट वीज. तिथल्या घरांना सर्रास 3 किलोवॅटची जोडणी असते. ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम चालवलं की मीटर पडतो, आणि मीटर बहुतेक वेळा तळघरात. माझा एकदा प्रकाशकाबरोबर फोन चालू, नवऱ्याने उत्साहाने ओव्हनमध्ये वांगं भाजायला ठेवलेलं, मशीनमध्ये चादरी. सगळं काळंकुट्ट. मी गाऊनवर शाल गुंडाळून, मोबाइलचा उजेड करत, चार जिने उतरून तळघरात गेले. तिथे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा त्याच कामाला आलेले. त्यांनी मला मीटर कसा वर करायचा ते शिकवलं आणि पुढे तिथे असेपर्यंत तेच आमचे खरे शेजारी होते. वांगं कच्चंच राहिलं.

आणि थंडी. मध्यवर्ती हीटिंग असलेल्या इमारतीत ते कधी चालू करायचं हे तू ठरवत नाहीस. बोलोन्याच्या पट्ट्यात 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त 14 तास, असा राष्ट्रीय नियम आहे. त्यातले तास कुठले, हे इमारतीची सभा ठरवते. आमच्याकडे सकाळी साडेसहाला रेडिएटर कुरकुरायला लागायचे. म्हणजे पाचच्या मीटिंगला तू कानटोपी घालून बसणार, आणि कॅमेरा चालू ठेवा म्हणणारा साहेब असेल तर काय ते बघ.

यासाठीच मी सांगते, तू मे महिन्याच्या बोलोन्याला भुललीस, आता नोव्हेंबरच्या बोलोन्याला भेट. तीन आठवडे रजा टाकून, साध्या पर्यटक व्हिसावर, आणि लॅपटॉप घरी ठेवून. पर्यटक व्हिसा काम करायला नसतो. पो नदीच्या मैदानातलं धुकं उतरलेलं असेल, साडेचारपाचला अंधार पडेल, कमानीखाली पावलांचे आवाज येतील आणि माणूस दिसणार नाही. तेव्हाही जीव रमला तर मग खरं. त्याच तीन आठवड्यांत घरं पायी फिरून बघ. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा कागद लागतो, तो करार तू स्वतः पाहून केलेला असेल. एखाद्या दिवशी पोर्ता सारागोत्सा या जुन्या वेशीपासून सान लूकाच्या टेकडीवर चाल. 666 कमानी, जवळपास चार किलोमीटर, शेवटी चढ. आपल्याकडच्या देवळाच्या पायऱ्या चढल्यासारखीच दमछाक होते, फक्त डोक्यावर सलग छप्पर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण खरी यादी मुंबईतल्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडूनच घ्यायची. या व्हिसाचा कायदा 2022 चा, पण नियम निघाले ते 29 फेब्रुवारी 2024 च्या आदेशाने. उच्च कौशल्याचं काम हवं, किमान सहा महिने रिमोट कामाचा अनुभव, वर्षभराचा आरोग्य विमा, राहायची जागा, आणि उत्पन्नाची एक किमान पातळी, जी साधारण 25 ते 28 हजार युरोंच्या घरात धरतात. तुझी पदवी आणि चार वर्षं कामी येतील. पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत पोलिसांच्या क्वेस्तुरा कार्यालयात राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज. त्यावर 16 युरोचं "मार्का दा बोल्लो" चिकटवायचं, जे तंबाखूच्या दुकानात मिळतं. आपल्या कोर्ट फी स्टँपचा सख्खा भाऊ. ही कार्यालयं सकाळीच भेटतात, म्हणून पहिल्या महिन्यात चारपाच दिवसांची रजा राखून ठेव.

उत्पन्नाच्या रकान्यात तू काठावर आहेस हे लक्षात आलं का? शंभर रुपयांच्या दराने तुझे 30 लाख म्हणजे 30 हजार युरो. तू कमावणार रुपयात आणि खर्च करणार युरोत. रुपया पाच टक्के घसरला की साहेबांनी काही न करता तुझा पगार पाच टक्के कापला गेला. त्यात कर. वर्षातले 183 दिवसांहून जास्त तिथे राहिलीस की इटली तुला आपली करदाती मानते आणि जगभरच्या उत्पन्नावर कर मागते. पहिल्या 28 हजार युरोंपर्यंत 23 टक्के, वरच्या टप्प्याला जास्त, शिवाय प्रांताचा आणि नगरपालिकेचा अधिभार. नोकरदाराला काही वजावटी मिळतात. भारत आणि इटलीत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे दोनदा भरायला लागू नये, पण तो लाभ आपोआप मिळत नाही, कागद करून मागावा लागतो. कंपनी इथे टीडीएस कापत राहणार का, भविष्य निर्वाह निधीचं काय, तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी कुणी भरायची, आणि तू तिथे बसून काम केल्याने कंपनीवरच तिकडचा कर लागू होतो का, हे प्रश्न साहेबांच्या पातळीवरचे नाहीत. कंपनीच्या वित्त विभागाला लेखी विचार. इकडचा एक सीए आणि तिकडचा एक "कोम्मेर्चालिस्ता", दोघांना तासाभराचे पैसे दे. ते पैसे वाचवणारी माणसं मी पुढे बरंच जास्त भरताना पाहिली आहेत.

माझा अंदाज विचारशील तर भाडं, कर, विमा आणि दोन वेळचं तिकीट जाता हातात बचत उरणार नाही. वर्षभर बचत शून्य हे चालणार असेल तर जा. त्यासाठी गाठीला आठदहा लाख वेगळे हवेत, आईच्या नावच्या ठेवींना हात न लावता.

कामाला बसायला बाहेर कुठे जागा मिळेल, ही कल्पनाही आधीच दुरुस्त कर. तिथे कॉफी उभ्याने, काउंटरवर, दोन घोटांत प्यायची असते. टेबल अडवून तीन तास लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाकडे मालक ज्या नजरेने बघतो ती आपल्या इराण्यांच्या पाट्यांहून बोलकी असते. मोठ्या चौकाला लागून सालाबोर्सा नावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत, आणि काचेच्या जमिनीखाली रोमन काळातले अवशेष दिसतात. विचार करायला, आराखडे काढायला त्यासारखी जागा नाही. कॉल मात्र घ्यायचा तर बाहेर. ऑगस्टचं तर विसरच. पंधरा तारखेच्या आसपास अर्धं शहर समुद्राकडे पळालेलं, दारांवर "सुट्टीनिमित्त बंद", आणि हवेत मुंबईच्या मे महिन्यासारखा चिकचिकाट. तू राहिलीस तर तू आणि डास.

भाषा आजपासून सुरू कर. इंग्रजीवर विद्यापीठाच्या गल्ल्यांत भागेल, पण घरमालक, विजेचं बिल आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा इटालियनच बोलतात. सहा महिने रोज अर्धा तास दिलास तरी खूप फरक पडेल. ओळखी गर्दीत होत नाहीत, पुन्हापुन्हा तिथेच गेल्याने होतात. एकच भाजीवाली, एकच बार, एकच वार. मी मेर्कातो देल्ले एर्बेतल्या एका बाईंकडून दर शुक्रवारी भाजी घ्यायचे. सातव्या शुक्रवारी त्यांनी न मागता मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली, आपली कोथिंबीर समजून. घरी येऊन बघते तर पार्सली.

खाण्याचं म्हणशील तर बोलोन्याला इटालियन लोक "ग्रास्सा", म्हणजे लठ्ठ, म्हणतात आणि ते लठ्ठपण डुकराच्या चरबीचं आहे. लहान आकाराचे तोर्तेल्लिनी नेहमी मांसाचे. मोठे तोर्तेल्लोनी बहुधा रिकोत्ता चीजचे, ते तुला चालतील. पियादीना दिसते आपल्या पोळीसारखी, पण कणकेत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते. तेलातली मागावी लागते. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात आणि ते तिथे मिठासारखं सगळ्यावर पडतं. तुला कुठवर पाळायचं ते आधीच ठरव, रोज ताटापुढे ठरवत बसू नकोस.

आता आई. परवाना मिळाल्यावर नवरा किंवा अज्ञान मुलं नेता येतात, आईला त्या वाटेने नेता येत नाही. ती येईल ती पर्यटक म्हणून, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. तेव्हा "आईला घेऊन जाईन" हा विचार मनात असेल तर तो बाजूला ठेव. भावाशी नाशिक-पुणे फेऱ्यांबद्दल स्पष्ट बोल. दवाखान्याची फाइल कुठे आहे, रात्री बोलावलं तर कोण येईल, कामवाल्या बाईंचा नंबर कुणाकडे आहे, असं बोल. आईबद्दल पत्रात तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. "काढलीस का तिकिटं?" हा तुला टोमणा वाटतो. असेलही. पण तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेली बाई, जिची मुलगी चोवीस तास शेजारच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये असते, ती हे खरंच विचारत असू शकते. कदाचित तिलाही घर थोडं मोकळं हवं असेल. तू तिला विचारलंयस का? मला पत्र लिहिण्याआधी?

जायचं ठरलं तर तिला मे महिन्यात बोलाव. सान लूकाच्या टेकडीवरची मेरीची प्रतिमा तेव्हा मिरवत शहरात खाली आणतात, आठवडाभर मोठ्या चर्चमध्ये ठेवतात आणि पुन्हा वर पोहोचवतात. 1433 साली पाऊस थांबता थांबेना, तेव्हा तिला खाली आणलं आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा आहे. ज्या बाईने आयुष्यभर पुण्यात पालखी पाहिली तिला त्या गर्दीत कुणी काही समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या सासूबाई तिथे चप्पल काढून उभ्या राहिल्या होत्या.

बॅगेत गोडा मसाला, कुकरची जास्तीची रिंग आणि मेतकूट ने. तूरडाळ नेऊ नकोस, बांगलादेशी दुकानांत सगळ्या डाळी मिळतात. पोहेही मिळतात, पण "पोहा" म्हटलंस तर कळणार नाही, "चिरा" माग. तूप मात्र आईने कितीही घट्ट बाटलीत भरून दिलं तरी घेऊ नकोस, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. तिथलं बिनमिठाचं लोणी आण आणि घरीच कढव. फक्त त्या वेळी वॉशिंग मशीन बंद ठेव.

तुझी,
ताई